धुराच्या जोरावर चालणारा भाता



दर आठवड्याला या पानावर आपण खोडव्याचे, हुमणीचे, ठिबकाचे बोलतो. आज जरा बांध ओलांडून मोटारगाडीकडे वळावे लागणार आहे. त्याला कारण एक पत्र. खानापूर तालुक्यातील एक भगिनी लिहितात: “थोरल्या मुलाने जुनी डिझेल गाडी घेतली आहे. बाजाराला, दवाखान्याला, पाहुण्यांकडे तीच जाते. साहेब, मी शेजारी बसते तेव्हा जीव मुठीत धरून बसते. विटा-कराड रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या ओलांडताना तो पाय दाबतो, पण गाडी सरकत नाही. समोरून ट्रक येताना दिसतो. मग एकाएकी गाडी अशी उसळते की पाठ सीटला आपटते. मुलगा म्हणतो, आई, हा टर्बो आहे, त्याचे असेच असते. हा टर्बो काय प्रकार आहे? आणि त्याचे असेच असते, हे खरे का?”

ताई, तुमचा मुलगा अर्धे खरे बोलतो. टर्बोचा जोर उशिरा येतो, हे खरे. पण तो उशीर समोरच्या ट्रकच्या तोंडासमोर काढावा लागतो, हे मात्र खरे नाही. तो उशीर कुठे काढायचा, हे चालवणाऱ्याच्या हातात असते. हे पटायला आधी टर्बो काय करतो ते समजून घेतले पाहिजे. तेव्हा आज तुमच्यासाठी, तुमच्या मुलासाठी आणि दारात टर्बोची गाडी किंवा ट्रॅक्टर असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितो.

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. कोळसा तोच, भट्टी तीच. भाता बंद असला की निखारे नुसते लालसर दिसतात. भाता हलला की तेच निखारे पांढरे पडतात आणि लोखंड मऊ होते. गुऱ्हाळाच्या चुलवाणाचेही तसेच. चिपाड कितीही कोंबले तरी हवेला वाट नसेल तर नुसता धूर होतो, काहिलीला उकळी येत नाही. जाळ इंधनाने होतो हे आपण सगळे जाणतो. तो हवेनेही होतो, हे विसरतो.

इंजिनाचे पोट म्हणजे असेच एक चुलवाण आहे. एक लिटर डिझेल पुरते जाळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते. माण, खटाव, आटपाडीच्या वाचकांना १० हजार लिटरचा टँकर काही नवा नाही. तेवढा टँकरभर वारा एका लिटर डिझेलला लागतो. म्हणून इंजिनाची ताकद वाढवायची तर डिझेल जास्त सोडणे सोपे आहे. अवघड आहे ती हवा कोंबणे. हवा न वाढवता डिझेल वाढवले तर काय होते, ते चढावर काळा धूर ओकणारा जुना ट्रक आपल्याला दाखवतोच.

साधे इंजिन हवा स्वतः ओढून घेते. पिस्टन खाली गेला की पोटात पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्या वजनाने आत शिरते. जागा असेल तेवढीच हवा, त्याहून जास्त नाही. मग हवा जास्त हवी तर दोनच वाटा. एक म्हणजे पोट मोठे करायचे. दुसरी म्हणजे बाहेरून भाता लावायचा. टर्बो हा तो भाता.

पण भाता हलवायला माणूस लागतो. इथे तो कोण हलवतो? इथेच या यंत्राची खरी गंमत आहे. डिझेलमधून जी शक्ती निघते, तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा चाकाला मिळतो, तिसरा हिस्सा रेडिएटरच्या पाण्यातून आणि इंजिनाच्या अंगातून जातो, आणि उरलेला तिसरा हिस्सा सायलेन्सरच्या नळीतून तापलेल्या धुराबरोबर वाऱ्यावर जातो. त्या वाया जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक छोटे पात्यांचे चाक बसवले आहे. धूर जोराने बाहेर पडताना ते चाक फिरवतो. त्या चाकाच्याच दांड्यावर, दुसऱ्या टोकाला, आणखी एक पात्यांचे चाक आहे. ते बाहेरची ताजी हवा ओढते, दाबते आणि इंजिनाच्या पोटात ढकलते. दोन चाके, मधे एक दांडा, भोवती शंखासारखी दोन घरे: झाला टर्बो. लहान गाडीतला टर्बो हाताच्या ओंजळीत मावतो. पण त्याचा दांडा मिनिटाला एक ते दोन लाख फेरे घेतो. आपल्या विहिरीवरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते, यावरून अंदाज करा.

फुकट काहीच मिळत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. धुराच्या वाटेत चाक आले की धूर थोडा अडतो आणि पिस्टनला तो रेटावा लागतो. पण जे जाते त्याच्या मानाने जे मिळते ते पुष्कळ असते.

किती मिळते, याचा हिशेब घरच्या उदाहरणावर करू. किर्लोस्करचे ५ अश्वशक्तीचे एव्ही-१ इंजिन आपल्या भागात शेकडो विहिरींवर चालले. सिलिंडर एक, पोट ५५३ सीसी, फेरे १५००. आता फियाटच्या आराखड्यावरचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन घ्या. २०२० पर्यंत ते कित्येक कंपन्यांच्या नव्या गाड्यांत बसत होते आणि आपल्या रस्त्यांवर अजून धावते आहे. त्याचे पोट विहिरीवरच्या इंजिनाच्या सव्वादोन पट. म्हणजे त्या हिशेबाने सव्वाअकरा अश्वशक्ती. ते ४००० फेऱ्यांना पूर्ण ताकद देते, म्हणजे फेरे सुमारे पावणेतीन पट. गुणाकार केला की ३० अश्वशक्ती होते. पण त्याची खरी ताकद ७५ आहे. विहिरीवरचे इंजिन दिवसभर एका चालीने चालायचे असते, म्हणून त्याची ताकद हात राखून सांगितलेली असते, हे मान्य. तरीही हा जो अडीच पटीचा फरक आहे, तो मुख्यतः टर्बोने कोंबलेल्या हवेचा आणि त्या हवेत फार मोठ्या दाबाने बारीक फवारलेल्या डिझेलचा आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ: जोर उशिरा का येतो?

भाता धुरावर चालतो. धूर हवा तर डिझेल जळले पाहिजे. डिझेल जळायला हवा पाहिजे. आणि हवा भाता देणार! म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सुरुवातीला धूर थोडा असतो, चाक थोडे फिरते, हवा थोडी वाढते. त्यामुळे थोडे जास्त डिझेल जळते, धूर वाढतो, चाक आणखी फिरते. चक्रवाढ व्याजासारखे हे वाढत जाते. पहिली काही वर्षे व्याज दिसत नाही आणि मग एकदम डोळ्यांत भरते, तसेच इथे होते. फक्त वर्षांच्या जागी सेकंद असतात.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ओळखल्या पाहिजेत. पहिली अशी की, एका ठरावीक फेऱ्यांच्या खाली धुरात जोरच नसतो. पुष्कळ लहान डिझेल गाड्यांत ही रेषा १५०० ते २००० फेऱ्यांच्या दरम्यान असते. तिच्याखाली तुम्ही कितीही पाय दाबा, टर्बो जागा होत नाही. दुसरी अशी की, रेषेच्या वर असतानाही पाय दाबल्यापासून चाक वेग घेईपर्यंत थोडा वेळ जातोच. मधल्या वेळात गाडीतला संगणक डिझेल आखडते सोडतो, कारण हवा आली नसताना डिझेल सोडले तर नुसता काळा धूर होईल. म्हणून चालवणाऱ्याला वाटते, पाय दाबला आणि गाडी मेली. मग हवा येते, डिझेल सुटते आणि गाडी उसळते.

ही चक्रवाढ कुठे तरी थांबलीही पाहिजे, नाहीतर इंजिन फुटेल. धरण भरल्यावर कोयनेला सांडवा लागतोच. तसा टर्बोलाही सांडवा आहे. हवेचा दाब ठरल्या मापाला पोचला की एक छोटी झडप उघडते आणि जादा धूर चाकाला वळसा घालून परस्पर बाहेर जातो. हा दाब किती असतो? गाडीच्या टायरात आपण ३०-३२ पौंड हवा भरतो. टर्बोचा दाब सर्वसाधारण गाडीत त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. ऐकायला थोडा वाटतो, पण १५ पौंड म्हणजे त्याच पोटात जवळजवळ दुप्पट हवा.

काही गाड्यांत सांडव्याऐवजी धुराच्या चाकाभोवती हलत्या पट्ट्या असतात. पाण्याची रबरी नळी हातात असताना तोंडावर अंगठा दाबला की थोडेच पाणी लांब फेकले जाते, तसे. धूर थोडा असताना पट्ट्या वाट अरुंद करतात आणि तोच धूर जोराने चाकावर आदळतो. धूर वाढला की वाट मोकळी करतात. अशा गाडीत जोर लवकर येतो. ताई, तुमच्या मुलाच्या गाडीत बहुधा साधा सांडवा असावा.

आणखी एक भाग सांगून पुढे जाऊ. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते ना? हवा दाबली की ती तापते. तापलेली हवा फुगते आणि फुगलेल्या हवेत दम कमी. म्हणून टर्बोतून निघालेली हवा रेडिएटरसारख्या एका जाळीतून थंड करून मग इंजिनात सोडतात. तिला इंटरकूलर म्हणतात. गाडीच्या पुढच्या बाजूची ती जाळी चिखलाने, पाचटाच्या कुसळांनी बुजली की गाडीचा दम कमी होतो. पाण्याच्या हलक्या धारेने ती धुवावी.

ही कल्पना आजची नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनियरने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. १९२० च्या दशकात ती जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर बसली. त्याआधी, १९१८ साली, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी एक विमानाचे इंजिन १४ हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक या डोंगरावर नेले. सखल भागात साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर विरळ हवेत २३० वर आले. टर्बो जोडताच पुन्हा साडेतीनशेच्या वर गेले. आपल्याकडे महाबळेश्वर १३७२ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सातव्या हिश्श्याने कमी असतो. पसरणी घाटात साध्या इंजिनाची गाडी धापा टाकते आणि टर्बोची गाडी तेवढी टाकत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

मोटारगाडीत टर्बो आला तो अमेरिकेत, १९६२ साली. त्यातल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिच्यात दाब वाढला की पेट्रोल वेळेआधी पेटू नये म्हणून पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांचे मिश्रण एका छोट्या टाकीतून सोडले जाई. ती टाकी मालकाने भरत राहायची. मालक भरायला विसरत. गाडीचा जोर जाई. शेवटी पुष्कळांनी टर्बोच काढून टाकला. यंत्र चांगले होते, पण त्याची जी एक गरज होती ती घरात कोणी लक्षात ठेवली नाही. ही गोष्ट मनात ठेवा. पुढे तिचे काम पडेल.

आपला सातारा-सांगली भागही इंजिनाच्या बाबतीत परका नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आताच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घरोघर नेला. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर झाले, डिझेल इंजिने झाली. आमच्या वडिलांच्या पिढीला ‘कूपर’ म्हणजे इंजिन एवढेच माहीत होते. आज फलटणजवळ टाटा कमिन्सचा कारखाना ट्रकची टर्बो इंजिने करतो, आणि साताऱ्याच्या कूपर कॉर्पोरेशनने ब्रिटनच्या रिकार्डो कंपनीच्या साहाय्याने नवी इंजिने काढली. त्या कारखान्यांत आपलीच मुले आयटीआय करून काम करतात. तेव्हा टर्बो समजायला आपण कमी पडू नये.

आता ओव्हरटेकचे. तुमची गाडी ताशी ५० किलोमीटरने आणि समोरचा ट्रक ६० ने येतो आहे असे धरा. दोघांमधले अंतर सेकंदाला ३० मीटरने कमी होते. टर्बो जागा व्हायला २ सेकंद लागले तर ६० मीटर रस्ता नुसत्या वाट पाहण्यात गेला, आणि तोही चुकीच्या बाजूला उभे राहून. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर दोन्ही बाजूंनी लोंबणारा ऊस, मागे बऱ्याचदा दिवाही नाही. तिथे ६० मीटर म्हणजे घरी पोचणे आणि न पोचणे यातला फरक आहे.

म्हणून मुलाला सांगा: ट्रॉलीच्या मागे आपल्याच बाजूला असताना आधी गिअर उतरव. चौथ्यात रेंगाळत असशील तर तिसऱ्यात ये. काटा २००० च्या वर येऊ दे. टर्बो जागा झाला, गाडी हाताला ओढायला लागली, रस्ता लांबवर मोकळा दिसला, की मगच बाजूला निघ. बाहेर पडल्यावर पाय दाबून जोराची वाट पाहत बसायचे नाही. आणि रस्ता मोकळा नसेल तर ट्रॉलीमागे चार मिनिटे गेली म्हणून दूध नासत नाही. घाटातही तेच. वळणावर शिरण्यापूर्वी गिअर उतरवावा. वळणात गाडी गुदमरल्यावर नव्हे. पावसाळ्यात ओल्या वळणावर पाय फार दाबू नये, कारण उशिरा आलेला जोर एकदम येतो आणि चाक घसरते.

हे झाले चालवण्याचे. आता सांभाळण्याचे. इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे.

२०१६ च्या मे महिन्यात चिपळूणकडचे एक लग्न आटोपून आम्ही कराडकडे परतत होतो. गाडी माझी, जुनी डिझेल. मी चालवत होतो, शेजारी दाजी, मागे आमची मंडळी आणि भाची. त्या गाडीचे ऑईल बदलण्याचे अंतर ओलांडून मी कितीतरी हजार किलोमीटर पुढे गेलो होतो. आज करू, उद्या करू. बांधावर उभे राहून ‘पंपाच्या इंजिनाचे ऑईल वेळेवर बदला’ असे शेतकऱ्यांना सांगणारा मी! शिवाय महिनाभर टर्बोची शीळ वाढली होती. तीही मी ऐकून सोडून दिली होती.

कुंभार्ली घाट चढत असताना वरच्या वळणांत गाडीचा दम गेला. आरशात पाहिले तर मागे निळसर पांढऱ्या धुराचा लोट. गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली. इंजिन बंद होईना. किल्ली हातात आणि इंजिन आपले वाढतच चाललेले, किंचाळतच चाललेले. मला काही सुचेना. बायकामुले घाबरून ओरडू लागली. दाजींनी आधी त्यांना खाली उतरवून डोंगराच्या कडेला लांब नेले आणि तिथूनच मला ओरडून सांगितले, “आरं, टॉप गिअर टाक! ब्रेक गच दाब, हँडब्रेक ओढ आणि क्लच झटक्यात सोड!” मी तसे केले. गाडीला एक जबर हिसका बसला आणि इंजिन गप्प झाले. त्यानंतर घाटात जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते.

दाजींना हे कसे ठाऊक? त्यांच्या विहिरीवरचे जुने इंजिन एकदा असेच सुटले होते. तेव्हा त्यांच्या वडिलांनी हवेच्या तोंडावर ओले पोते कोंबून ते थांबवले होते. “हवा तोडली की इंजिन मरतं, नाहीतर ओझं टाकून मारायचं,” एवढे त्यांनी तेव्हापासून मनात ठेवले होते.

घडले होते ते असे. टर्बोचा दांडा इंजिनाच्या ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. मिनिटाला लाख-दीड लाख फेरे आणि शेजारी लालबुंद तापलेला धूर. माझे ऑईल जळके, घट्ट झालेले. दांड्याची बैठक झिजली, दांडा डुगडुगला, ऑईल अडवणाऱ्या कड्या गेल्या आणि ऑईल हवेच्या वाटेने थेट इंजिनाच्या पोटात शिरले. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने पेटेल ते त्याला चालते. किल्लीने डिझेल बंद झाले, पण इंजिन आपलेच ऑईल पिऊन धावत राहिले. टर्बो नवा घालावा लागला, इंजिन खोलावे लागले आणि त्या वर्षीच्या उसाच्या बिलातला मोठा वाटा त्यात गेला. पैशाचे दुःख विसरलो. मागे भाची बसली होती, ते विसरलो नाही.

असा प्रसंग कोणावर आलाच तर: आधी माणसे उतरवून गाडीपासून लांब न्यावीत, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा. बॉनेट उघडून वाकू नये, हवेच्या नळीवर हात ठेवू नये. क्लच नसलेल्या गाडीत हा उपाय चालत नाही. तिथे गाडी जागेवर रोखून सगळ्यांनी लांब जावे.

आता नेमाने करायच्या गोष्टी. कात्रण काढून गाडीत ठेवा.

१. ऑईल पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच घालावे आणि ठरल्या अंतराआधी बदलावे. आपल्या धुळीच्या रस्त्यांना थोडे आधीच बरे. ऑईलबरोबर फिल्टरही बदलावा. दर पंधरवड्याला पट्टी काढून ऑईलची पातळी पाहावी.

२. सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट जोर देऊ नये. ऑईल टर्बोपर्यंत पोचू द्यावे.

३. घाट चढून किंवा लांब जोरात धावून आल्यावर लगेच किल्ली बंद करू नये. एक-दोन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवावे. लगेच बंद केले तर ऑईल थांबते आणि तापलेल्या दांड्यावर जे उरते त्याचा कोळसा होतो. टर्बोच्या ट्रॅक्टरलाही हाच नियम. रोटाव्हेटर मारून बांधावर आले की लगेच बंद करून जेवायला बसू नये. चालकाला हे बजावून सांगावे.

४. एअर फिल्टर साफ आणि घट्ट बसलेला असावा. त्या वेगाने फिरणाऱ्या पात्याला धुळीचा कण म्हणजे कानसच.

५. धुराचा रंग पाहावा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. काळा धूर आणि कमी दम म्हणजे हवा कमी पडते आहे. टर्बोपुढची रबरी नळी फाटली किंवा क्लिप सैल झाली का पाहावे. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते आणि टर्बो बदलण्याचा खर्च वाचतो.

६. शीळ वाढली, भोंग्यासारखी झाली, की त्याच आठवड्यात दाखवावे. मी महिना घालवला.

७. दाब वाढवून देतो, सांडव्याचा रॉड आवळून देतो, असे कोणी म्हणाले तर हात जोडावेत. सांडवा बुजवून धरणाची ताकद वाढत नाही.

नव्या पेट्रोल टर्बो गाड्यांना हेच नियम, थोडे जास्त कडक. त्यांचा धूर डिझेलपेक्षा जास्त तापतो. काहींत बंद केल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरत राहण्याची सोय असते, म्हणून थोडी सवलत मिळते. ऑईलच्या बाबतीत ती मिळत नाही.

ताई, जेटफायरची ती छोटी टाकी आठवते ना? आपल्या घरातल्या टर्बोचीही एकच मोठी गरज आहे, आणि ती ऑईलची आहे. मुलगा विसरेल. तुम्ही दुधाचा हिशेब कॅलेंडरवर मांडत असाल. त्याच कॅलेंडरवर ऑईल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी शेजारी बसाल तेव्हा ट्रॉली दिसताच एवढेच विचारा, “गिअर उतरवलास का रे?” त्याने उतरवला असेल तर तुमची मूठ आपोआप सैल होईल. मग मला पुन्हा पत्र पाठवा. मी वाट पाहतो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा शेतात जाऊ. खोडव्यात पाचट जाळायचे की कुजवायचे, यावर चार पत्रे आली आहेत, त्यांना उत्तर द्यायचे आहे.